माझ्या कडेच्या खाचा

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मी पार दमले आहे. माझी गोष्ट ऐकून अंगात हुरूप येईल अशी आशा ठेवू नका. माझे पाय आखडले आहेत, मधली फळी खाली बसली आहे आणि डाव्या बाजूचा खण कित्येक वर्षे उघडलेला नाही. त्यात काय ठेवले होते हे आता मलाही आठवत नाही. पण तुम्ही आलाच आहात तर सांगते. माझ्यावर बसू मात्र नका. टेकलात तर चालेल.

मी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात राहते. कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली, एका भिंतीला चार उंच खिडक्या, कोपऱ्यात कागद कापायचे यंत्र आणि मधोमध मी. माझी लांबी बारा पावले. मला दारातून आत आणता येईना, म्हणून सुताराने मला याच खोलीत जोडले. त्यामुळे मी बाहेरचे जग पाहिलेले नाही. ज्या फळ्यांची मी बनले त्यांनी पाहिले असेल, पण त्या त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत.

पुस्तक कसे बांधतात ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचे कळायचे नाही. छापलेल्या मोठ्या कागदाच्या घड्या घातल्या की सोळा पानांचा एक संच होतो. त्याला आमच्याकडे फर्मा म्हणतात. एका जाड पुस्तकात असे तीस फर्मे असतात. त्यांच्या थप्प्या माझ्यावर ओळीने मांडायच्या, माझ्या कडेकडेने चालत प्रत्येक थप्पीतला एकेक फर्मा उचलायचा, मग तो गठ्ठा शिवायचा, पाठीला खळ लावायची, कडा कापायच्या आणि वर पुठ्ठा चढवायचा. ऐकायला सोपे वाटते. करून बघा म्हणजे कंबर सांगेल.

माझ्याभोवती चार माणसे काम करायची. खळकाका खळ लावायचे. ते ताडमाड उंच, त्यांची पाठ दुखायची आणि तोंड कधी दुखायचे नाही. डावखुरी दोऱ्याने शिवायची. ती भराभर शिवायची आणि भराभर चिडायची. मोजूभाऊ कागद कापायचे. ते तीनदा मोजल्याशिवाय कशालाच हात लावत नसत, डब्यातली पोळीसुद्धा मोडण्याआधी निरखून बघत. आणि मावशी फर्मे उचलायची. ती कुणाची मावशी होती कोण जाणे, पण सगळे तिला मावशीच म्हणत.

त्या काळी कारखाना मोठ्या मालकांचा होता. मोठे मालक फारसे बोलत नसत, बघत मात्र पुष्कळ. खळकाका वाकून वाकून कण्हतात हे त्यांनी पाहिले आणि काकांच्या जागी माझ्यावर एक जाड फळी ठोकून घेतली. डावखुरीचा कोपर माझ्या कोपऱ्यावर आपटतो हे पाहिले आणि तो कोपरा गोल करून घेतला. मोजूभाऊंची पट्टी सारखी हरवायची, म्हणून माझ्या अंगावरच एक पितळी पट्टी बसवून दिली. प्रत्येक वेळी सुतार आला की माझी कुरकुर सुरू व्हायची. आपल्याला कुणी मुद्दाम कापावे असे कुणाला वाटेल? पण दुसऱ्या दिवशी काकांचे कण्हणे थांबले आणि मीही मग माझी कुरकुर थांबवली.

मावशीची गोष्ट वेगळी होती. तिची दृष्टी हळूहळू जात होती. हे सगळ्यात आधी मला कळले, कारण ती इतकी खाली वाकायची की तिचा श्वास माझ्या फळीवर यायचा. तिने कुणाला सांगितले नव्हते. घरी ती आणि तिची अंथरुणाला खिळलेली बहीण, दोघीच होत्या, आणि घराबाहेर तिची म्हणून एवढी एकच जागा होती. डोळे गेले हे कळले तर ही जागाही जाईल, याची तिला धास्ती होती. थप्प्या चुकू नयेत म्हणून ती मनातल्या मनात पावले मोजायची, आणि कुणी मध्येच हाक मारली की मोजणी विसरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. तिचा तळहात घामाने ओला व्हायचा, तो मला लागायचा.

एक दिवस मोठे मालक सुताराला घेऊन आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "टेबल फार ओकंबोकं दिसतंय. कडेला जरा नक्षी कर."

सुताराने माझ्या लांब कडेला खाचा पाडल्या. पहिल्या थप्पीच्या जागी एक, दुसरीच्या जागी दोन, अशा पाचपर्यंत. मग एक लांब खाच आणि पुन्हा एकपासून.

"ही कसली नक्षी?" खळकाका हसत म्हणाले. "सुताराच्या करवतीला खाज सुटली होती काय?" तेवढ्यात मावशीने कडेवरून हात फिरवला. एक खाच, दोन खाचा, तीन. तिचा हात थांबला. त्या दिवशी तिने पावले मोजली नाहीत. खळकाकांनी तिच्याकडे पाहिले आणि जीभ चावली. नंतर कित्येक वर्षे त्या नक्षीचा विषय कुणी काढला नाही. मावशीची लाज राखायची तर गप्प बसायचे, असे जणू सगळ्यांनी न ठरवताच ठरवले होते.

खरे सांगते, ती माझी चांगली वर्षे होती. मावशी बोटांनी खाच चाचपायची, थप्पीतला फर्मा उचलायची आणि त्याच्या घडीवरून अंगठा फिरवायची. फर्म्याची वरची बाजू घडीमुळे बंद असते आणि खालची उघडी असते. तिच्या अंगठ्याला ते लगेच कळायचे. फर्मा उलटा असेल तर ती तो सुलटा करून पुढे जायची, आणि तेही चालता चालता. तिच्या हातून उलटा फर्मा पुढे गेलेला मी कधी पाहिला नाही. बाकीचे तर फर्मा सुलटा आहे की उलटा हे बघायचेच सोडून देऊन बसले होते. मावशी आहे ना, मग आपण कशाला बघायचे!

मग मोठे मालक वारले आणि धाकटे मालक आले. मित्रांनो, आता तुम्हाला वाटेल की ते दुष्ट असणार. नाही हो. उलट फारच चांगले होते, आणि त्याचाच आम्हाला त्रास झाला. ते लहानपणी माझ्याखाली बसून शाळेचा अभ्यास करायचे. आता ते कुठलेसे दोन दिवसांचे शिबिर करून आले होते आणि येताना एक रंगीत तक्ता घेऊन आले होते. त्यांनी तो भिंतीवर लावला आणि सगळ्यांना उभे केले.

"आपल्याकडे कुणी लहान नाही, कुणी मोठं नाही," ते म्हणाले. बोलताना त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. "आजपासून सगळे सगळी कामं करतील. दर तासाला घंटा वाजेल, की जागा बदलायची. मीसुद्धा तुमच्याबरोबर उभा राहणार. सगळ्यांना सारखी संधी."

मोजूभाऊंनी विचारले, "आणि सगळ्यांना सारखे हात कुठून आणणार?" पण ते नेहमीप्रमाणे इतके हळू बोलले की ते फक्त मीच ऐकले.

सारख्या संधीसाठी सारखे टेबल हवे होते. पुन्हा सुतार आला, पण तो नवा होता. त्याने काकांची फळी उखडली, पितळी पट्टी काढली, गोल कोपऱ्याला लाकडाचा तुकडा जोडून पुन्हा टोकदार केला. मग माझ्यावर पांढराशुभ्र सनमायका चढवला आणि कडेला प्लास्टिकची गुळगुळीत पट्टी चिकटवली.

"ही वेडीवाकडी नक्षी एकदाची झाकली गेली, बरं झालं," धाकटे मालक म्हणाले. "बाबांना काय सुचलं होतं देव जाणे."

त्या क्षणी खोलीत चारही माणसे हजर होती. खळकाकांनी तोंड उघडले आणि मावशीकडे बघून मिटले. डावखुरी दाराकडे बघत राहिली. मावशी हात मागे बांधून उभी होती. तिने बोलावे तर स्वतःचे गुपित सांगावे लागणार होते, आणि ती बोलत नाही म्हणून बाकीचे बोलेनात. मी तर लाकूड. पट्टीखाली माझ्या खाचांमध्ये डिंक भरला आणि वाळला. मला गुदमरल्यासारखे झाले.

पुढचे दिवस आठवले तरी थकवा येतो. घंटा वाजली की सगळे उठायचे आणि एकमेकांना धडकायचे. खळकाकांनी शिवलेली पुस्तके उघडली की मिटत नसत. डावखुरीने खळ लावली की पुस्तकापेक्षा तिच्या केसांना जास्त लागायची. मोजूभाऊ फर्मे उचलताना प्रत्येक फर्मा मोजत, त्यामुळे त्यांच्या तासात जेमतेम चार गठ्ठे व्हायचे. धाकटे मालक प्रत्येकाला म्हणत, "छान, जमेल हळूहळू," आणि तक्त्यावर हिरवा ठिपका लावत. त्यांनी आणखी एक पद्धत काढली होती. फर्मे उचलणाऱ्याने दर पंचवीस गठ्ठ्यांनंतर गठ्ठ्यात एक पिवळी चिठ्ठी सारायची आणि तिच्यावर आपली खूण आणि तास लिहायचा.

मावशीला चिठ्ठी लिहिता येत नव्हती. ती तिचा कोपरा दुमडायची. माझ्या कडेवर तिची बोटे नुसती घसरत राहायची, थांबायला काही मिळायचेच नाही. तिने पुन्हा पावले मोजायला सुरुवात केली. पण आता तिचे पाय म्हातारे झाले होते आणि पावले सारखी पडत नव्हती. मला तिला सांगावेसे वाटे, मावशी, खाचा आहेत ग, इथेच आहेत, एवढ्याशा पट्टीखाली. पण आम्हा टेबलांचे सांगणे कोण ऐकणार?

शिवायच्या तासाला तिच्या बोटात सुई गेली. पानावर रक्त पडले आणि ते तिला दिसलेच नाही. ती तशीच पुढे शिवत राहिली. धाकटे मालक धावत आले. त्यांनी तिचा हात धरला, मग तिच्या डोळ्यांसमोर आपला हात हलवला.

"मावशी, तुम्हाला दिसत नाही?"

"दिसतं की. थोडं कमी दिसतं," ती म्हणाली. तिचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

त्यांनी तिचे बोट स्वतः बांधले. तिला खुर्ची दिली, पाणी दिले. त्या दिवशी तिला काढले नाही, पण तिच्याकडे बघायची त्यांची नजर बदलली.

त्याच आठवड्यात शाळांसाठी शब्दकोशाचे मोठे काम होते. सहाशे प्रती बांधून गेल्या. पंधरा दिवसांनी त्यातल्या पन्नास परत आल्या, सोबत एका शाळेचे पत्र. पुस्तकाच्या मध्येच सोळा पाने उलटी आहेत, मुले शब्द शोधताना पुस्तक गरागरा फिरवतात आणि वर्गात हसण्याशिवाय काही होत नाही, असे त्यात लिहिले होते. कुणीतरी बाराव्या फर्म्याची अख्खी थप्पीच माझ्यावर उलटी ठेवली होती.

धाकट्या मालकांनी पत्र दोनदा वाचले. मग ते मावशीपाशी गेले. ते ओरडले असते तर बरे झाले असते. ते हळूच म्हणाले, "मावशी, तुमची काही चूक नाही. दिसत नसताना कसं कळणार? आता तुम्ही घरीच आराम करा."

"मी उलटा फर्मा कधी लावला नाही रे," मावशी म्हणाली. ती त्यांना लहानपणी अरेतुरे करायची, मालक झाल्यापासून बंद केले होते. त्या दिवशी विसरली. तिने डबा उचलला, चपला पायांनी चाचपून घातल्या आणि गेली. जाताना तिचा हात माझ्या कडेवरून सरकला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. कुणीच काही बोलले नाही. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला रंध्याने तासले, खिळे ठोकले, गरम खळीचे भांडे माझ्यावर सांडले. पण त्या शांततेसारखे काहीच दुखले नाही.

दुसऱ्या दिवशी परत आलेल्या प्रती उसवायला घेतल्या. खळकाका पुठ्ठे काढत होते. एका पुस्तकातून पिवळी चिठ्ठी माझ्यावर पडली. शिवणाऱ्याने ती काढून टाकायची असते, पण दर तासाला शिवणारा बदलत होता, मग काढणार कोण? काकांनी ती वाचली आणि पटकन खिशात घातली.

"काय लपवलंत?" डावखुरीने विचारले.

"काही नाही. हिशोबाची चिठ्ठी."

"काका, काढा ती बाहेर. एकदा गप्प बसलो ते पुरे झालं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही माझा."

काकांनी चिठ्ठी काढून धाकट्या मालकांपुढे ठेवली. काका म्हणाले, "अक्षर मात्र सुंदर आहे, मालक."

चिठ्ठीवर वळणदार अक्षरात तास लिहिला होता, तीन ते चार, आणि खाली धाकट्या मालकांची स्वतःची खूण होती. त्यांच्याशिवाय असे अक्षर कारखान्यात कुणाचेच नव्हते. त्यांनी दुसरे पुस्तक उघडले, मग तिसरे. पुढच्या गठ्ठ्यात पुन्हा तीच खूण. मला तर तो तास पाठ होता. बाराव्या फर्म्याची नवी थप्पी मांडताना त्यांचा फोन वाजला होता. एका हाताने फोन कानाला लावून दुसऱ्या हाताने त्यांनी ती ठेवली होती, उलटी.

ते स्टुलावर बसले.

"पण मावशीला दिसत नाही, हे खरं आहे ना?" त्यांनी विचारले.

"खरं आहे," मोजूभाऊ म्हणाले. "तुम्ही शाळेत होता तेव्हापासून."

"आणि मला कुणीच सांगितलं नाही?"

"तुम्ही विचारलंत कधी?" डावखुरी उसळली. "आल्या आल्या तक्ता लावलात. कुणाला काय येतं, कुणाला काय लागतं, एका शब्दानं विचारलं नाहीत." मग तिचा आवाज उतरला. "आणि आम्ही तरी कुठे सांगितलं? तिची अब्रू जपत बसलो."

काका माझ्या कडेपाशी आले आणि प्लास्टिकच्या पट्टीवर हात ठेवून म्हणाले, "मालक, ती नक्षी नव्हती हो."

त्यांनी सगळे सांगितले. एक खाच, दोन खाचा, अंगठा, बंद बाजू, उघडी बाजू. धाकटे मालक ऐकत होते आणि रडत होते. रडू लपवायचा त्यांनी प्रयत्नसुद्धा केला नाही. मग उठले आणि चपला न घालताच दारापर्यंत गेले, परत येऊन चपला घातल्या आणि मावशीच्या घरी गेले. तिथे काय झाले ते मी पाहिले नाही. काका त्यांच्या मागोमाग गेले होते, ते सांगत, मावशीने आधी दारच उघडले नाही, मग उघडले, आणि ऐकून घेतल्यावर एवढेच म्हणाली, "फोन खिशात ठेवत जा."

ती दुसऱ्या दिवशी आली. धाकट्या मालकांनी माझ्या कडेची पट्टी स्वतःच्या हाताने उपटली. ते सुतार नव्हते, त्यांनी माझे दोन टवकेही उडवले. खाली खाचा होत्या, पण डिंकाने गच्च बुजलेल्या. सुताराला बोलावू का, असे त्यांनी विचारले. मावशीने नको म्हणून मान हलवली, खुर्ची ओढली आणि दाभण घेऊन बसली. दोन दिवस ती एकेक खाच उकरत होती. मित्रांनो, दुखले, नाही कशाला म्हणू? पण एकेक खाच मोकळी झाली की तिचे बोट तिच्यात जाऊन बसायचे आणि मला सुटल्यासारखे वाटायचे.

तक्ता भिंतीवरून उतरला. काकांची फळी परत आली, कोपरा पुन्हा गोल झाला. धाकट्या मालकांसाठी माझ्यावर जागाच नव्हती. त्यांना शिवणे जमेना, खळ जमेना, आणि फर्म्यांना हात लावायला डावखुरी देईना. शेवटी मावशीनेच तोडगा काढला. "काका सांगतात तुझं अक्षर चांगलं आहे. मग पुस्तकांच्या पाठीवर नावं तू लिही." तेव्हापासून ते खिडकीजवळच्या टोकाला बसतात आणि जीभ बाहेर काढून नावे लिहितात. शाळेत असताना माझ्याखाली बसून असेच लिहायचे.

मावशी आणखी सहा वर्षे आली. शेवटी तिला काहीच दिसत नव्हते, आणि ते ती आता सगळ्यांना मोठ्याने सांगायची. मग गुडघ्यांनी ऐकेनासे केले आणि ती घरी राहिली. काका आणि मोजूभाऊही काम सोडून गेले. नवी माणसे आली. नवा माणूस आला की धाकटे मालक आठवडाभर त्याला नुसते वावरू देतात आणि बघतात, अगदी मोठ्या मालकांसारखे. पण ते आणखी एक गोष्ट करतात, जी मोठ्या मालकांनी केली नाही. ते विचारतात, "तुम्हाला काय चांगलं जमतं? आणि टेबल कुठे कापू?"

त्यामुळे माझ्या अंगावर आता धड अशी जागा उरलेली नाही. मी खाचांनी, खळग्यांनी आणि फळ्यांनी भरले आहे. पुढच्या महिन्यात नवे लोखंडी टेबल येणार आहे. मला वाईट वाटत नाही, खरेच मी दमले आहे. येणाऱ्या टेबलाला आपले अंग कापून घ्यावे लागेल, एवढे त्याला कुणीतरी आधी सांगायला हवे.

तुमच्याकडे माझे मागणे एवढेच. तुमच्या वर्गात, खेळात, घरात कुणाला काही जमत नसेल तर त्याची लाज जरूर राखा. पण त्याच्यासाठी जी खाच पाडाल, ती कशासाठी आहे हे मागून येणाऱ्याला सांगून ठेवा. मावशी डबा उचलून गेली त्या दिवशी मी गप्प राहिले, कारण मी लाकूड आहे. तुम्हाला तर बोलता येते.